एनसीसी एअर विंग : पुण्यात आठवीपासून सुरुवात कशी करायची

एअर विंगमध्ये जायचं ठरलं की मुलं पहिला प्रश्न विचारतात, विमानात कधी बसायला मिळणार? त्याचं उत्तर पुढे येईलच. पण आधी विचारायचे प्रश्न दोन : माझ्या शाळेत एअर विंगचा ट्रूप, म्हणजे तुकडी, आहे का, आणि नावनोंदणी कधी बंद होते? या वाटेवर एक पायरी चुकली की वरची आपोआप हुकते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही. कॅम्प केला नाही तरी बसता येत नाही. कॉलेजात ‘बी’ प्रमाणपत्र नसेल तर ‘सी’ नाही, आणि एअर विंगचं ‘सी’ नसेल तर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय हवाई दलाच्या निवड मंडळासमोर जाण्याचा रस्ता बंद. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. पालकांनीही वाचावा, कारण निम्मी कागदपत्रं त्यांच्याच कपाटात असतात.

आधी रचना समजून घ्या

एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९५० मध्ये तिला एअर विंग जोडली गेली. शाळकरी मुलांसाठी ज्युनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी ज्युनियर विंग असते. प्रशिक्षण दोन वर्षांचं, शेवटी ‘ए’ प्रमाणपत्र. कॉलेजमध्ये सीनियर डिव्हिजन आणि सीनियर विंग. तिथे तीन वर्षं, दुसऱ्या वर्षाअखेर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षाअखेर ‘सी’. ज्युनियरसाठी वय १३ पूर्ण लागतं, वरची मर्यादा साडेअठरा. पुण्यातले एअर विंगचे ट्रूप ३ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रनच्या अखत्यारीत येतात. शाळेतल्या ट्रूपची जबाबदारी एका शिक्षकाकडे असते, त्यांना सगळे एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) म्हणतात. ड्रिल आणि शस्त्र शिकवायला हवाई दलातले प्रशिक्षक येतात, ते पीआय स्टाफ. तुमचं रोजचं काम एएनओंकडे, त्यामुळे कुठलीही शंका आधी त्यांनाच विचारा. परस्पर युनिटच्या ऑफिसात गेलात तर बहुधा तुम्हाला परत शाळेतच पाठवतील.

नावनोंदणी

आठवी सुरू होताच, जूनमध्येच, चौकशी करा. ‘ए’ची परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी असते. आठवीत नाव घातलं तर नववीअखेर मोकळे होता. नववीत घातलं तर कॅम्प, परेड आणि परीक्षा सगळं दहावीच्या वर्षात येऊन पडतं, आणि मग घरचेच म्हणतात, सोडून दे.

जागा ठरलेल्या असतात, म्हणून निवड होते. थोडं धावणं, उठाबशा-पुशअप, उंची-वजन, दोन-चार साधे प्रश्न. त्यासाठी मे महिन्यात आठवड्यातून चार दिवस दोन-अडीच किलोमीटर सावकाश पळायची सवय केली तरी पुरे. निवडीच्या दिवशी पहिल्याच फेरीत जीव खाऊन पळणारे तिसऱ्या फेरीत बसतात. पहिली फेरी बोलता येईल इतक्या वेगाने पळा.

कागदपत्रं अशी : जन्माचा दाखला किंवा शाळेचा बोनाफाइड, आधार कार्ड, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र, रक्तगट, पालकांचं संमतीपत्र. गणवेशाचा भत्ता खात्यात जमा होतो, म्हणून आईच्या किंवा बाबांच्या खात्याचा नंबर देऊन चालत नाही.

घोटाळा होतो तो नावात. शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे एक अक्षर जास्त. नोंदणीत जे नाव जाईल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं, आणि पुढे एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, कागदपत्र तपासणीत ते दहावीच्या मार्कशीटशी ताडून पाहतात. म्हणून फॉर्म भरण्याआधीच आधार आणि शाळेची नोंद सारखी करून घ्या. दहावीनंतर शाळेच्या नोंदीत बदल करणं फार किचकट होऊन बसतं.

बूट, बेरे आणि परेडचं मैदान

नव्या कॅडेटला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? बुटांचा. काळे ड्रिल बूट कडक असतात. थेट परेडला घातले तर टाचेवर आणि करंगळीशी फोड येतो, तो फुटतो, आणि पुढच्या दोन परेड बुडतात. बूट मिळाल्यापासून आठ-दहा दिवस घरात रोज अर्धा तास घाला, जाड सुती मोज्यांवर. बूट घेताना संध्याकाळी मापा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. नाडी बांधल्यावर टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, जाड मोज्याने ते झाकायला जाऊ नका.

पावसाळ्यात बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवले की चामडं तडकतं. पॉलिश पूर्ण वाळल्यावरच करायची : पातळ थर, दहा मिनिटं थांबायचं, ब्रश, मग ओलसर सुती फडक्याने टोकावर छोटे गोल. जाड थर लावला तर चकाकी येत नाही, वर धूळ मात्र बसते.

बेरे म्हणजे गणवेशाची मऊ गोल टोपी. ती नवीन असताना डोक्यावर पुरणपोळीसारखी पसरते. कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, नुसती दाबून पाणी काढा, डोक्यावर चढवा. बॅज डाव्या डोळ्यावर, कड भुवईच्या दोन बोटं वर आडवी, उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून बसवा आणि अर्धा-पाऊण तास तशीच डोक्यावर वाळू द्या.

ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात : सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. तेज चलमध्ये पाऊल ३० इंचांचं आणि मिनिटाला १२० पावलं. घरच्या फरशीवर खडूने ३० इंचांवर खुणा करा आणि त्यावर चाला. उंच मुलं लांब टांगा टाकतात आणि बुटकी मुलं धावतात, तिथेच ओळ मोडते.

परेडमध्ये कुणी तरी चक्कर येऊन पडतंच. बहुतेक वेळा कारण एकच : उपाशी पोट आणि ताठ लॉक केलेले गुडघे. बराच वेळ न हलता उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू कामाला येत नाहीत आणि मेंदूकडे रक्त कमी पोचतं. म्हणून गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत पायाची बोटं सारखी आवळा-सोडा, बाहेरून दिसत नाही. परेडआधी दीड तास पोहे-उपमा असं हलकं खा, पाणी प्या. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं तर हिरोपणा नको, तिथेच गुडघ्यावर बसा. सरळ तोंडावर पडलं तर दात जातात.

हजेरीचा हिशोब स्वतः ठेवा. परीक्षेला बसायला निदान ७५ टक्के तासिका लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि तासिका लिहा, महिन्यातून एकदा एएनओंच्या रजिस्टरशी जुळवून पाहा. क्लासच्या वेळा परेडच्या दिवशी घेऊ नका, जुलैत केलेली ही चूक जानेवारीत कळते.

वर्गातला विषय लोहगावला जाऊन शिका

उड्डाणाची तत्त्वं, इंजिन, उपकरणं, हवामान, दिशाशोधन, एअरमनशिप हे विषय नुसते पाठ केले तर कंटाळा येतो. पुणेकरांकडे लोहगावचा विमानतळ आहे, त्याचा उपयोग करा.

लोहगावच्या धावपट्टीचं नाव १०/२८. होकायंत्रानुसार तिची दिशा जवळच्या दहाच्या पटीत घ्यायची आणि शेवटचं शून्य काढायचं : एका टोकाकडून १०० अंश, म्हणजे १०. उलट दिशेने २८० अंश, म्हणजे २८. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा विमानं वाघोलीच्या बाजूने येऊन २८ वर उतरताना दिसतात. वारा फिरला की विश्रांतवाडीच्या बाजूने. आठवडाभर गच्चीवरून नोंद ठेवा, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि विमान कुठून आलं. वारा आणि धावपट्टी यांचा धडा पुन्हा वाचावा लागणार नाही.

दुसरं उदाहरण अल्टिमीटरचं, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणाचं. परीक्षेत हमखास गोंधळ होतो तो इथे. लोहगावची उंची समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट, म्हणजे साधारण ५९२ मीटर. जमिनीवर उभ्या विमानात अल्टिमीटरवर क्यूएनएच लावला तर काटा सुमारे १,९४२ दाखवेल, क्यूएफई लावला तर शून्य. क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीला धरून उंची दाखवणारा दाबाचा आकडा, क्यूएफई म्हणजे त्या विमानतळाला धरून. आता क्यूएफई लावूनच वैमानिक मुंबईला गेला तर काय होईल, हे स्वतः सोडवा. मुंबईची जमीन पुण्याच्या खाली आहे, मग काटा शून्यावर आला तेव्हा विमान कुठे असेल?

एक ताकीद. विमानतळ हवाई दलाचा आहे. कुंपणाजवळ उभं राहून फोटो-व्हिडिओ काढू नका. कॅडेटने तर नाहीच.

एरोमॉडेलिंग : पहिलं ग्लायडर

एअर विंगचं खरं वैभव आमच्या मते इथे आहे. विमान उडताना पाहणं वेगळं आणि स्वतः कापलेलं लाकूड हवेत तरंगताना पाहणं वेगळं. सुरुवात हातफेकीच्या बाल्सा ग्लायडरने करा, बाल्सा म्हणजे अगदी हलकं लाकूड. मोटरवाली, रिमोटवाली विमानं नंतर.

मापं अशी. पंख ३६ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद, ३ मिमी जाडीचा बाल्सा. मागची आडवी शेपटी १४ बाय ४ सेंमी, उभी शेपटी ५ बाय ५ सेंमी, दोन्ही १.५ मिमीच्या. धड म्हणजे २८ सेंमीची काडी, १० बाय ५ मिमी, जरा कडक बाल्सा निवडा. पंखाचा पुढचा काठ नाकापासून ६ सेंमीवर येईल. सोबत नवी कटर पाती, पट्टी, १२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, पांढरा फेविकॉल, टाचण्या आणि थोडी मुलांची रंगीत क्ले.

लाकडाचे रेषे पंखाच्या लांबीच्या दिशेने हवेत. आडवे कापलेत तर पहिल्याच फेकीत मधून तुकडा. पाती एकदम दाबू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा, बाल्सा चिरडतो. पंखाचा पुढचा काठ गोलसर आणि मागचा काठ पातळ घासा.

मग पंख मधोमध कापा. एक अर्धा टेबलावर सपाट टाचा, दुसऱ्याचं टोक ६ सेंमी उंच टेका, सांधा नीट बसेल असा तिरका घासा आणि फेविकॉल लावा. पंखांना हा जो वर उचललेला कोन मिळतो तो ग्लायडरला आपोआप सरळ करतो : एक बाजू खाली झुकली की ग्लायडर त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखावर वारा जास्त कोनातून आदळतो, त्याला जास्त उचल मिळते आणि तो परत वर येतो. सपाट पंखाचं ग्लायडर एकदा कललं की गिरकी घेत खाली. इथे फेविक्विक वापरायचा मोह टाळा. तो लगेच धरतो, वाकडं बसलेलं सरळ करायला वेळच मिळत नाही, आणि सांधा ठिसूळ होतो. फेविकॉल रात्रभर वाळू द्या.

शेपट्या काटकोनात लावा, पुढून एका डोळ्याने पाहा. आता तोल. पंखाच्या पुढच्या काठापासून २.५ सेंमी मागे दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, तिथे दोन बोटांच्या टोकांवर ग्लायडर तोला. शेपटीकडे झुकत असेल तर नाकाला क्ले लावा, आडवं राहीपर्यंत.

चाचणी सकाळी सातच्या आत, गवताच्या मैदानावर, वारा नसताना. खांद्याच्या उंचीवरून समोर आठ-दहा मीटरवरच्या जमिनीकडे रोखून, भाल्यासारखं सरळ सोडा. चेंडूसारखं फेकू नका. मग वागणूक पाहा. नाक वर करून थांबलं, आपटलं, पुन्हा वर गेलं, तर शेपूट जड : हरभऱ्याएवढी क्ले नाकाला वाढवा. सरळ खाली घुसलं तर नाक जड : क्ले काढा, किंवा आडव्या शेपटीचा मागचा काठ फुंकर घालून जेमतेम एक मिमी वर वाकवा. एका बाजूला वळत राहिलं तर आधी पंख पिळला आहे का ते मागून बघा, मगच उभ्या शेपटीला हात लावा. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तीन फेकी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

ग्लायडर वीस मीटर शांतपणे जायला लागलं की कंट्रोल लाइनकडे वळा. छोटं इंजिन, दोन तारा, मधे उभं राहून विमान गोल फिरवायचं. तार ढिली पडली की ताबा गेला, म्हणून विमान वारा जिकडे वाहतो त्या बाजूला सोडायचं, तिथे वारा त्याला बाहेर ढकलतो आणि तारा ताणलेल्या राहतात. प्रोपेलर बोटाने फिरवून इंजिन सुरू करायचं नाही, काठीने किंवा स्टार्टरने. आणि वर विजेच्या तारा असलेलं मैदान कितीही मोठं असलं तरी नको. रिमोटचं विमान किंवा ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर आपली जागा पाहा. पुण्यात विमानतळ आणि लष्कराच्या जागांमुळे बराच भाग मनाईत येतो.

विमानात बसण्याचा दिवस

एनसीसीकडे दोन आसनी मायक्रोलाइट विमानं आहेत. अलीकडचं व्हायरस एसडब्ल्यू ८०, आसनं शेजारी शेजारी, ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन. सगळ्यांना संधी मिळतेच असं नाही, सीनियर कॅडेट आणि स्पर्धेसाठी निवडलेले आधी. यादीत नाव येण्यासाठी दोन गोष्टी तयार ठेवा : पालकांची सही असलेला बाँड आणि चांगली हजेरी.

इतकी हलकी विमानं स्वच्छ हवेत, दिवसाउजेडीच उडतात. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि विमान हिंदकळतं, म्हणून सकाळची वेळ. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली असतात, बोलावून परत पाठवलं तर नाराज होऊ नका.

त्या दिवशी हलका नाश्ता करा, उपाशी जाऊ नका. उपाशी पोटी मळमळ जास्त होते. खिशातलं पेन, नाणी, सैल टोपी बाहेर ठेवा, केस घट्ट बांधा. विमानाकडे समोरून कधीही जायचं नाही, इंजिन बंद असलं तरी. प्रोपेलर फिरतोय असंच समजून वागा. हवेत मळमळलं तर मांडीकडे किंवा पंखाकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघा आणि वैमानिकांना लगेच सांगा. विचारल्याशिवाय काठीला, पेडलला, कुठल्याही बटणाला हात लावू नका. उतरल्यावर त्याच दिवशी वहीत लिहा : वाऱ्याची दिशा, धावपट्टी, उंची, वेग, काय काय दिसलं. पुढे मुलाखतीत हीच वही उपयोगी पडते.

गोळीबार आणि कॅम्प

.२२ रायफलचा सराव २५ यार्डांवर, आडवं पडून. पाच गोळ्या मध्यभागी लागल्या का हे नंतर, आधी त्या एकमेकींजवळ पडल्या का हे बघा. पसरल्या असतील तर ट्रिगर झटक्याने ओढला जातोय. अर्धा श्वास सोडा, थांबा, बोटाच्या पेराने हळूहळू दाबा.

वार्षिक कॅम्प दहा दिवसांचा. प्रमाणपत्रासाठी तो लागतोच. सामानात मच्छरदाणी, टॉर्च, ताट-वाटी-पेला, दोन कुलुपं, सुई-दोरा, पायांसाठी पावडर, सहा जोड मोजे आणि प्रत्येक वस्तूवर नाव. दम्याची, ॲलर्जीची औषधं असतील तर ती लपवू नका, पहिल्याच दिवशी एएनओंना चिठ्ठीसह सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री घरची आठवण जोरात येते आणि चौथ्या दिवशी उतरते. पालकांनी तिसऱ्या दिवशी न्यायला येऊ नये.

याच कॅम्पांमधून पुढच्या निवडी होतात : एरोमॉडेलिंग, गोळीबार आणि उड्डाणासाठी वायुसैनिक कॅम्प, आणि दिल्लीचा प्रजासत्ताक दिन कॅम्प. वायुसैनिक कॅम्पला जायचं असेल तर पहिल्या वर्षापासून एकच विषय धरा. सगळ्यात थोडं थोडं करणारा शेवटच्या यादीत क्वचितच राहतो.

दहावीनंतर

गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दलात जायला बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी ९०० गुण, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००, मग मुलाखतीचे ९००. मुलींनाही एनडीए खुली आहे, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला आहे. तिची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षातच येते, म्हणून नववीतच माहिती काढा.

दुसरी वाट पदवीची. एअर विंगच्या सीनियर डिव्हिजनचं ‘सी’ असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून फ्लाइंग शाखेसाठी एएफकॅट या हवाई दलाच्या लेखी परीक्षेशिवाय थेट एएफएसबीला, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळासमोर, जाता येतं. वय २० ते २४, पदवीला ६० टक्के, बारावीला गणित आणि भौतिकमध्ये प्रत्येकी ५० टक्के. आर्मी विंगचं ‘सी’ इथे चालत नाही. ‘सी’साठी पुन्हा कॅम्प लागतात, ते कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांतच उरका, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आणि परीक्षा असतात.

शरीराचं मोजमाप आजच करून ठेवा. हवाई दलाच्या वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. रंगांधळेपणाची चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. ती अकरावीत शाखा निवडण्याआधी करून घ्या. आणि चष्मा घालवायला अठराव्या वर्षी लेसिक करू नका : विसाव्या वर्षाआधी केलेली ही शस्त्रक्रिया हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवते.

शाळेत एअर विंग नसेल तर

आर्मी किंवा नेव्हल ट्रूप असेल तर त्यात जा. ड्रिल, कॅम्प, गोळीबार तिथेही आहे, आणि अकरावीला किंवा पदवीला प्रवेश घेताना एअर विंग असलेलं कॉलेज निवडता येतं. अर्ज भरण्याआधी कॉलेजला नेमकं विचारा : एअर विंग आहे का, मुलींच्या जागा वेगळ्या आहेत का, अकरावीच्या मुलांना घेता की फक्त पदवीच्या? हे तीन प्रश्न न विचारता प्रवेश घेतलेली मुलं ऑगस्टमध्ये कॉलेज बदलायच्या मागे लागतात.

तोवर बाल्सा कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. चार मुलं आणि एक विज्ञानाचे शिक्षक जमले तर शनिवारी दुपारी वर्गात कापकाम आणि रविवारी सकाळी मैदानावर फेकी, एवढ्यावर सहा महिन्यांत कंट्रोल लाइनपर्यंत पोचता येतं. ग्लायडिंगची ओढ असेल तर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये उड्डाणं चालू आहेत का याची चौकशी करा. प्रशिक्षणार्थी म्हणून परवान्यासाठी वय १६ पूर्ण लागतं, खाजगी वैमानिकासाठी १७, व्यावसायिकासाठी १८ आणि २०० तासांचं उड्डाण. सोळा पूर्ण व्हायच्या आधी वैद्यकीय तपासणीची कागदपत्रं जमवायला सुरुवात केली तर वाढदिवसानंतर महिने वाया जात नाहीत.